घर घेताना कर नेमक्या कोणत्या किमतीवर? : वाचकांचे प्रश्न आणि कर सल्लागारांची उत्तरे

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून या वेळी आलेली बहुतेक पत्रे घरखरेदीविषयीची आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘कर किती टक्के?’ हाच प्रश्न आहे. टक्केवारी सांगणे सोपे असते. खरी अडचण ती टक्केवारी कोणत्या रकमेला लावायची, ही असते. एकाच घराची एक किंमत बोलणीत ठरते, दुसरी दस्तात लिहिली जाते, तिसरी सरकारी मूल्यांकनात निघते आणि चौथी बिल्डरच्या हिशेबाच्या तळाशी दिसते; या चारही एकच असतील असे नाही आणि प्रत्येक कर त्यांतली आपल्या सोयीची किंमत उचलतो. त्यामुळे पुढील उत्तरांत टक्केवारीइतकाच भर किमतीवर दिला आहे. आयकराच्या कलमांचे व अर्जांचे क्रमांक १९६१ च्या अधिनियमातील, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे दिले आहेत; १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम २०२५ मध्ये क्रमांक बदलले आहेत, याची नोंद घ्यावी.

प्रश्न : सांगलीतील विश्रामबाग भागात आम्ही पती-पत्नी एक जुना फ्लॅट विकत घेत आहोत. विकणारे दोघे भाऊ असून व्यवहार ४८ लाख रुपयांना ठरला आहे. सरकारी मूल्यांकन ५१ लाख येते, असे दस्त लिहिणाऱ्यांनी सांगितले. एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यास एक टक्का वाचतो, असे कळते; मात्र दोघांचीही नावे असावीत, अशी आमची इच्छा आहे. मुद्रांक शुल्क किती पडेल? शिवाय व्यवहार ५० लाखांच्या आत असल्यामुळे टीडीएसचा प्रश्न येत नाही, हे बरोबर आहे ना? (एक शिक्षक, सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आपली फसगत होण्याचा संभव आहे. टीडीएसचा प्रश्न येतो. कलम १९४-आयए नुसार स्थावर मिळकत विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला द्यावयाच्या रकमेतून एक टक्का कापून सरकारजमा करायचा असतो आणि ५० लाखांखालील व्यवहारांना यातून सूट आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून या तरतुदीत बदल झाला. ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्यांकन या दोन्ही रकमा ५० लाखांपेक्षा कमी असतील तरच आता सूट मिळते आणि कपातही दोहोंपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर करावी लागते. आपले मूल्यांकन ५१ लाख असल्यामुळे ५१,००० रुपये कापावे लागतील. हा आपल्यावरचा वाढीव बोजा नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. हे पैसे विक्रेत्यांच्याच रकमेतून जातात आणि त्यांच्या खात्यावर आधीच कापलेला कर म्हणून जमा दिसतात. घरमालकांना हे आधीच सांगून ठेवले नाही, तर दस्ताच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या जिन्यावर वाद होतो आणि असे वाद मी स्वतः अनेकदा सोडवलेले आहेत.

ही रक्कम भरण्याचा अर्ज २६ क्यूबी या क्रमांकाने ओळखला जातो. तो प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक विक्रेता यांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्रपणे भरावा लागतो. आपण दोघे आणि ते दोघे भाऊ, असे धरल्यास समान हिश्शाने प्रत्येकी १२,७५० रुपयांचे चार अर्ज होतील. एकट्या पत्नीच्या नावावर खरेदी केल्यास २५,५०० रुपयांचे दोन. ज्या महिन्यात कपात केली त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत रक्कम भरायची असते, म्हणजे १२ जूनला पैसे दिले असतील तर ३० जुलैपर्यंत मुदत मिळते. मुदत चुकल्यास दररोज २०० रुपये विलंब शुल्क आणि दरमहा दीड टक्का व्याज लागते. कर्जाची रक्कम बँकेने थेट विक्रेत्याच्या खात्यात जमा केली तरी कपातीची जबाबदारी बँकेची नसून आपलीच राहते. इसार म्हणून दिलेले एक-दोन लाखही या हिशेबात धरावे लागतात.

यातला एक धोका वेगळा सांगितला पाहिजे. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला नसल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर कपातीचा दर एक टक्क्याऐवजी २० टक्के होतो. ५१ लाखांवर २० टक्के म्हणजे दहा लाख वीस हजार रुपये होतात आणि ही कपात केली नाही, तर मागणीची नोटीस विक्रेत्याला न येता खरेदीदाराला येते. इसार देण्यापूर्वी दोन्ही भावांचे पॅन चालू आहेत की नाहीत, हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता मुद्रांक शुल्क. तेही ४८ लाखांवर न लागता ५१ लाखांवर लागते, कारण महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार दस्तातील मोबदला आणि बाजारमूल्य यांतील अधिक असलेल्या रकमेवर ते आकारले जाते. बाजारमूल्य म्हणजे व्यवहारात दरवर्षी १ एप्रिलला लागू होणारा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. सांगली, मिरज आणि कुपवाड महानगरपालिका क्षेत्रात मूळ शुल्क पाच टक्के आणि स्थानिक संस्थेसाठीचा अधिभार एक टक्का, असे मिळून सहा टक्के पडतात. पुण्यात मेट्रोसाठी जो आणखी एक टक्का लागतो, तो आपल्याकडे नाही. त्यानुसार ३,०६,००० रुपये मुद्रांक शुल्क होते. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, म्हणून तीस हजार. त्याशिवाय दस्ताच्या पृष्ठसंख्येनुसार हाताळणी शुल्क भरावे लागते.

महिलांसाठीची एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. ती केवळ निवासी मिळकतीला आणि खरेदी केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तरच मिळते. पतीचे नाव जोडले की ती जाते. आपल्या बाबतीत ती ५१,००० रुपयांची होते. असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, ही जाचक अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे तीविषयीची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. तथापि, केवळ या सवलतीसाठी दस्तातून नाव वगळण्याचा सल्ला मी सरसकट देत नाही. घर पत्नीच्या एकटीच्या मालकीचे असेल, तर हप्ते आपल्या पगारातून जात असले तरी जुन्या करप्रणालीतील व्याजाची वजावट आपल्याला मागता येत नाही, कारण त्यासाठी मालकी हवी. शिवाय पैसे आपले आणि मालकी पत्नीची असेल, तर पुढे मिळणारे घरभाडे आपल्याच उत्पन्नात धरले जाते. आपण नवीन करप्रणालीत असाल, घर स्वतः राहण्यासाठी असेल आणि पत्नीच्या नावे एक मिळकत असावी असे मनापासून वाटत असेल, तर ५१,००० रुपये वाचवावेत. नाहीतर दोघांची नावे ठेवणेच इष्ट.

४८ आणि ५१ लाखांतील फरकावर आयकर लागेल का, हे आपण विचारलेले नाही, पण ते विचारायला हवे होते. आपल्याला तो लागणार नाही. का लागणार नाही, ते पुढच्याच पत्रातून स्पष्ट होईल.

प्रश्न : सांगलीच्या गावभागात नदीच्या बाजूला तळमजल्यावरील एक सदनिका मला ३० लाखांत मिळत आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत तेथे पाणी शिरले होते, म्हणूनच ती स्वस्त आहे. सरकारी मूल्यांकन मात्र ३६ लाख दाखवते. मी प्रत्यक्षात ३० लाखच देणार आहे आणि सर्व रक्कम धनादेशाने देणार आहे. मग ३६ लाखांवर कर का भरावा? (एक व्यावसायिक, सांगली)

उत्तर : आपला प्रश्न न्याय्य आहे, कायदा त्याला अर्धेच न्याय्य उत्तर देतो. मूल्यदर तक्ता विभागवार आणि उपविभागवार तयार होतो. आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी वाढू लागली की कोणत्या गल्लीतील तळमजला पहिल्यांदा रिकामा करावा लागतो, हे सांगलीकराला तोंडपाठ असते. तक्त्यातील विभागाच्या एका दराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

या व्यवहारात तीन ठिकाणी खर्च येतो. पहिला मुद्रांक शुल्काचा : सहा टक्के दराने ३० लाखांवर १,८०,००० रुपये झाले असते, ते ३६ लाखांवर २,१६,००० होतील. दुसरा खर्च विक्रेत्याचा आहे, कारण कलम ५० सी नुसार त्याचा भांडवली नफा काढताना सर्वसाधारणपणे ३६ लाख हीच विक्री किंमत धरली जाते. तिसरा आणि सर्वांत अनपेक्षित खर्च पुन्हा आपला आहे. कलम ५६(२)(एक्स) असे सांगते की, सरकारी मूल्यांकनापेक्षा कमी किमतीत मिळकत घेतली आणि तो फरक ५०,००० रुपये किंवा मोबदल्याच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्याही पुढे गेला, तर संपूर्ण फरक खरेदीदाराचे ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ समजावा. आपल्या बाबतीत दहा टक्के म्हणजे तीन लाख आणि फरक सहा लाख. त्यामुळे तीन लाखांवर नव्हे, तर पूर्ण सहा लाखांवर कर लागेल. आपण २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह १,२४,८०० रुपये होतात. (मागच्या पत्रातील शिक्षकांचा फरक तीन लाखांचा आणि दहा टक्क्यांची मर्यादा ४,८०,००० रुपयांची होती, म्हणून ते सुटले.) एकाच फरकावर विकणारा आणि घेणारा अशा दोघांनाही कर बसतो, हे ऐकून पक्षकार माझ्याकडे संशयाने पाहतात. पण तरतूद तशीच आहे.

उपाय आहेत, परंतु ते दस्त होण्यापूर्वी हाती घेतले पाहिजेत. मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ खाली दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती हे आधीच ठरवून घेण्यासाठी, सादर करता येतो. त्यासोबत नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, पुराच्या वेळचे पंचनामे आणि त्याच गल्लीतील अलीकडच्या दस्तांच्या सूची दोनच्या (निबंधक कार्यालयातील दस्ताच्या नोंदीचा उतारा) प्रती जोडाव्यात. यश मिळेलच, असे आश्वासन मी देणार नाही. मात्र हीच कागदपत्रे आयकराच्या चौकशीतही उपयोगी पडतात, कारण सरकारी मूल्यांकन वास्तव बाजारभावापेक्षा अधिक असल्याचा आक्षेप आपण घेतला, तर प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूद आहे आणि त्याने ठरवलेली रक्कम कमी असल्यास ती ग्राह्य धरली जाते.

आणखी एक सूचना तारखेविषयी. व्यवहार ३१ मार्चच्या आधी ठरला आणि दस्त एप्रिलनंतर होणार असेल, तर आयकरासाठी करार झाला त्या दिवशीचे मूल्यांकन धरता येते. त्यासाठी कराराच्या दिवशी किंवा त्यापूर्वी काही रक्कम धनादेशाने अथवा बँकेमार्फत दिलेली असली पाहिजे. रोखीने दिलेल्या इसाराचा येथे काहीही उपयोग होत नाही.

प्रश्न : मिरजेत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत मी ८२ चौरस मीटर कार्पेट क्षेत्राचा फ्लॅट नोंदवला आहे. किंमत ४४ लाख आहे. पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या घराला एक टक्का जीएसटी असतो असे वाचले होते. बिल्डर मात्र पाच टक्के मागत आहेत. पार्किंग आणि सामायिक सुविधांचे अडीच लाख वेगळे आहेत. बिल्डरची मागणी योग्य आहे का? (एक परिचारिका, मिरज)

उत्तर : दुर्दैवाने योग्य आहे आणि त्याचे कारण ते वेगळे सांगितलेले अडीच लाख आहेत. १ एप्रिल २०१९ पासून बांधकामाधीन घरांवर जीएसटीचे दोनच दर आहेत : परवडणाऱ्या घरांना एक टक्का आणि इतर घरांना पाच टक्के. परवडणारे घर ठरण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. मुंबई महानगर प्रदेशासारख्या महानगरांत कार्पेट क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, तर सांगली-मिरजेसारख्या इतर शहरांत ते ९० चौरस मीटरपर्यंत असावे लागते. क्षेत्राची ही अट आपण सहज पूर्ण करता. दुसरी अट ४५ लाखांची आहे आणि त्या ४५ लाखांत केवळ सदनिकेची किंमत मोजली जात नाही, तर पार्किंग, मोक्याच्या जागेची जादा आकारणी, सामायिक सुविधा असे बिल्डरने घेतलेले सारे पैसे मोजले जातात. आपली बेरीज ४६,५०,००० होते, म्हणून पाच टक्के, म्हणजेच २,३२,५०० रुपये. हीच बेरीज ४५ लाखांवर थांबली असती, तर कर ४५,००० रुपये झाला असता. दीड लाख रुपयांसाठी करात जवळजवळ एक लाख नव्वद हजारांची वाढ होते.

करारनामा अद्याप नोंदवलेला नसेल, तर बिल्डरशी मोकळेपणाने बोलावे. त्यांनी दर दीड लाखाने उतरवला, तरी आपल्याकडून एकूण मिळणाऱ्या पैशांत त्यांचे नुकसान दीड लाखच होते आणि आपला फायदा त्याच्या दुपटीहून अधिक होतो. यातून दोघांना पटेल असा मध्यम मार्ग बहुधा निघतो. मात्र पार्किंगचे पैसे ‘करारात न दाखवता हातात द्या’, असा मार्ग सुचवला गेला, तर तो स्वीकारू नये. इमारत पूर्ण झाल्यावर परत मिळणाऱ्या खऱ्या अनामत रकमा या मोबदल्याचा भाग नसतात, म्हणून हिशेबपत्रकात कोणती रक्कम अनामत आहे आणि कोणती आकारणी, हे लेखी मागून घ्यावे.

पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागत नाही, तसाच तो दुसऱ्या मालकाकडून घेतलेल्या जुन्या घरावरही लागत नाही. यावरून ‘मग थांबून दाखला आल्यावरच घेऊ’ असे पुष्कळांना वाटते. थांबणे शहाणपणाचे असू शकते, पण दाखल्याच्या आधी काही रक्कम देऊन ठेवली, तर संपूर्ण व्यवहारालाच कर लागतो. शिवाय बिल्डरला सिमेंटवर (२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी २८ आणि आता १८ टक्के) आणि पोलादावर जो जीएसटी भरावा लागतो, त्याची वजावट त्याला या दरांत मिळत नाही. तो खर्च तयार घराच्या दरात मिसळलेलाच असतो. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला रेरा कायद्याने मनाई आहे. जीएसटीच्या हिशेबाशी याचा थेट संबंध नसला, तरी आपण ‘नोंदवला आहे’ एवढेच लिहिले आहे म्हणून आठवण करून दिली.

प्रश्न : साताऱ्यातील शनिवार पेठेतला आमचा जुना वाडा चार चुलत भावंडांच्या नावावर आहे. त्यांच्याकडून तो ८० लाखांना, प्रत्येकी २० लाख देऊन, मी विकत घेत आहे. चौघांपैकी एक जण दुबईत नोकरीला आहे, पण त्याचा पासपोर्ट भारतीय आहे. प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत असल्यामुळे टीडीएस लागणार नाही, असे एका परिचिताने सांगितले. (एक वकील, सातारा)

उत्तर : आपल्या परिचितांचे मत काही वर्षांपूर्वी वादाचा विषय तरी होऊ शकले असते; १ ऑक्टोबर २०२४ पासून तो वाद संपला आहे. विक्रेते किंवा खरेदीदार अनेक असले, तरी ५० लाखांची मर्यादा सर्वांच्या एकत्रित रकमेला लावायची आहे. म्हणून येथे राहणाऱ्या तिघांच्या प्रत्येकी २० लाखांतून २०,००० रुपये कापावेत.

दुबईतील भावंडाचे प्रकरण पूर्णपणे निराळे आहे. अनिवासी कोण, हे पासपोर्टवरून ठरत नाही. त्या व्यक्तीचे वर्षभरातील भारतातील वास्तव्य किती दिवसांचे होते, यावरून ते ठरते. अनिवासी विक्रेत्याला कलम १९४-आयए लागू होत नाही, त्याला कलम १९५ लागू होते आणि त्यात ५० लाखांची सूटच नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के आहे. उपकर धरून तो १३ टक्के होतो. कर वस्तुतः नफ्यावर आहे, किमतीवर नाही. परंतु नफा किती, हे खरेदीदाराने आपल्या मनाने ठरवणे धोक्याचे असते. त्यामुळे त्या भावंडाने आयकर विभागाकडून कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे आणि ते न मिळाल्यास आपण संपूर्ण २० लाखांवर २,६०,००० रुपये कापावेत, हा सुरक्षित मार्ग आहे. जादा कापलेली रक्कम त्यांना विवरणपत्र भरून परत मिळते. कमी कापलेल्या रकमेची वसुली मात्र आपल्याकडून होते. येथे २६ क्यूबी हा अर्ज चालत नाही. २७ क्यू हे तिमाही विवरणपत्र भरावे लागते. प्रमाणपत्राला काही आठवडे लागतात, म्हणून दस्ताची तारीख त्या हिशेबाने ठरवावी.

‘घरातलाच व्यवहार’ म्हणून ८० लाख ही किंमत मूल्यांकनापेक्षा खाली ठरवली असेल, तर वर सांगितलेले कलम ५६ आपल्यालाही लागेल. जवळच्या नातेवाइकांना त्यातून सूट आहे, पण त्या यादीत सख्खे भाऊबहीण, आईवडिलांची भावंडे, म्हणजे काका, आत्या, मामा आणि मावशी येतात. चुलत भावंडे येत नाहीत. आपण चुलतभावाला भाऊच म्हणतो, आयकर अधिनियम तसे म्हणत नाही. मोबदला घेऊन हक्कसोडपत्र करण्याचा विचार असेल, तर त्यानेही काही साधणार नाही, कारण ५०० रुपयांचा मुद्रांक केवळ ठराविक नात्यांतील, वडिलोपार्जित मिळकतीच्या, विनामोबदला हक्कसोडीला आहे; इतर हक्कसोडपत्रांना खरेदीखताप्रमाणेच शुल्क लागते. साताऱ्यात महानगरपालिका नसल्यामुळे सांगलीचा हिशेब जसाच्या तसा लागू करू नये. दुय्यम निबंधक कार्यालयातून मूल्यांकन पत्रक काढून घ्यावे.

प्रश्न : कुपवाड येथील बंगल्याची किंमत ६० लाख ठरली आहे. घरमालक म्हणतात की मूल्यांकन ४० लाखच आहे, तेव्हा दस्त ४० लाखांचा करू आणि वरचे २० लाख रोख द्या; त्यात तुमचेही मुद्रांक शुल्क वाचेल. सगळे असेच करतात, असेही ते म्हणतात. (नाव नको, सांगली)

उत्तर : आपले वाचतात ते २० लाखांवरील सहा टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये. आता उद्याचा हिशेब पाहावा. काही वर्षांनी हाच बंगला आपण ९० लाखांना धनादेशाने विकला, तर आपली खरेदी किंमत ६० लाख धरली जाणार नाही, ४० लाखच धरली जाईल. नसलेल्या २० लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के दराने, उपकरासह २,६०,००० रुपये कर आपण भराल. आज घरमालकाचा जो कर वाचला, तो उद्या आपल्या खिशातून गेला, एवढाच त्याचा अर्थ. कर्जही ४० लाखांच्या दस्तावर मिळेल, त्यामुळे रोख २० लाख आपल्या बचतीतून उभे करावे लागतील. ती रक्कम पुढे चौकशीत उघड झाली आणि तिचा स्रोत दाखवता आला नाही, तर तिच्यावर अस्पष्टीकृत गुंतवणूक म्हणून चढ्या दराने आकारणी होते.

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कलम २६९ एसएस खाली मनाई आहे आणि तिचा भंग झाल्यास घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. हा दंड स्वीकारणाऱ्याला होतो, म्हणजे घरमालकांना. हे त्यांना शांतपणे दाखवून द्यावे. माझ्या अनुभवात अर्धी बोलणी येथेच ताळ्यावर येतात. उरलेल्या अर्ध्या घरमालकांचा बंगला सोडून द्यावा, असेच मी सांगेन.

प्रश्न : तासगावजवळच्या गावात बिगरशेती प्लॉट घेऊन घर बांधणार आहे. जीएसटी भरावा लागेल का? (एक द्राक्ष बागायतदार)

उत्तर : प्लॉटच्या खरेदीवर जीएसटी नाही, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी आहेच. स्वतःच्या एकाच घरासाठी साहित्य आपण आणून केवळ मजुरीचा ठेका दिल्यास त्या मजुरीवरही जीएसटी नाही. साहित्यासह ठेका दिल्यास, ठेकेदार नोंदणीकृत असेल तर, १८ टक्के लागतो. दोन्ही पद्धतींचे अंदाजपत्रक मागवून तुलना करावी.

प्रश्न : यंदा घराच्या दस्तावर तीन लाख रुपये मुद्रांक शुल्क भरले. पगारातून त्याची सूट मिळेल का? (एक सरकारी कर्मचारी, कराड)

उत्तर : जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, ८० सी खाली, भविष्य निर्वाह निधी, विमा वगैरे सर्वांसह मिळून दीड लाखांच्या मर्यादेत आणि रक्कम भरली त्याच वर्षी. ताबा मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर ही वजावट उलटते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवीन प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. तरीही चलने टाकून देऊ नयेत, कारण घर विकताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खरेदी खर्चात धरता येते.

प्रश्न : सांगलीत घर घेऊन सहा महिने झाले. आता महानगरपालिकेकडून मागील मालकाच्या चार वर्षांच्या थकीत घरपट्टीचे बिल आले आहे. ते मी का भरावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कारण घरपट्टीचा बोजा माणसावर न बसता मिळकतीवर बसतो. महानगरपालिका अधिनियमानुसार शासनाच्या जमीन महसुलाखालोखाल मालमत्ता कराचा मिळकतीवर पहिला हक्क असतो आणि मालक बदलल्याने तो पुसला जात नाही. आधी दस्त वाचावा. दस्ताच्या तारखेपर्यंतचे सर्व कर व देणी विक्रेत्याने द्यावीत, असे कलम बहुतेक खरेदीखतांत असते. ते असेल तर रक्कम भरून, पावती जोडून, विक्रेत्याला स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवावे. वाद घालत बिल तसेच ठेवले, तर त्यावर शास्ती चढत राहील आणि तीही वसूल करण्याची वेळ आपल्यावर येईल.

घरपट्टीची नोंद अजून मागील मालकाच्याच नावावर असेल, तर सूची दोनची प्रत जोडून नाव बदलण्याचा अर्ज लगेच द्यावा आणि त्याबरोबरच नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवरील नोंदीचाही द्यावा. पाणीपट्टीचे खाते वेगळे असते. त्यावरील थकबाकीही याच खेपेत विचारून घ्यावी.